वाकडी सुई आणि जमुनाचा तळहात

मी बोलतेय, अकोटच्या दवाखान्यातली वाकडी सुई. हसू नका, मी वाकडीच लागते! कातडीच्या एका काठाने शिरायचं आणि आतून वळून दुसऱ्या काठाने वर यायचं, हे तुमच्या घरातल्या सरळ सुईला जमेल का?

जन्म माझा विलायतेतला. बोटीने मुंबई, आगगाडीने अकोला आणि पुढे धुळीने भरलेली सर्व्हिस मोटार. केशवराव डॉक्टरांनी मला उकळत्या पाण्यातून काढून चिमट्यात धरलं, की वारं प्यायल्यासारखं व्हायचं.

एका बाजाराच्या दिवशी पार्बताबाईने आपल्या सुनेला, जमुनाला आणलं. मळ्यातला हिरवा सांभार, म्हणजे कोथिंबीर, कापताना विळा तळहातात घुसला होता. घरच्यांनी कापूस जाळून त्याची राख जखमेत कोंबलेली. डॉक्टर ती धूत बसले आणि इकडे मी उतावळी.

"मले हात पायजे, सायेब," जमुना म्हणाली. "जुड्या कायनं बांधू मी?"

अखेर माझी पाळी आली! रेशमाचा दोरा घेऊन मी कातडीत उभी घुसले, दोन्ही काठ सारख्या खोलीवर धरले. काठाला काठ टेकला की गाठ, तीही करकचून नाही. मग दोरा कापायचा आणि पुढचा टाका.

पार्बताबाई वाकळी शिवणारी. तिला राहवेना. "कावून एवढ्या गाठी मारून राहिले? एकच दोरा वढा ना."

"एखादा टाका पिकला तर तेवढाच कापता येतो," डॉक्टर म्हणाले. "सलग दोऱ्यात सगळंच उसवेल."

आणि एक पिकलाच. पुढच्या खेपेला मधल्या टाक्याभोवती लाल सूज होती. जमुना रडकुंडीला आली. डॉक्टरांनी तेवढाच टाका कापला, तर पुवाबरोबर उरलेली काळी राख बाहेर आली. शेजारचे टाके जागचे हलले नाहीत. काय सांगू, माझा ऊर भरून आला!

टाके निघाले त्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या तळहातावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मूठ वळ."

तिने वळली, ती सोडेचना.

"सोड बाई, बोट मोडशील."

तिचे डोळे वाहत होते, पण मूठ घट्टच होती.

आता माझं टोक बोथट झालंय, उद्या मला फेकतील. जाता जाता एकच मागते. जखमेत राख कोंबू नका, स्वच्छ पाण्याने धुऊन या. आणि भिऊ नका. माझ्या नव्या बहिणी टोचतील खऱ्या, पण तुमचा हात तुम्हाला परत देण्यासाठीच.