निवृत्तीची कपात

कर कचेरीतल्या बाईंनी पगाराच्या पावत्या ताईकडे परत सरकवल्या.

"तुम्ही परदेशी विद्यार्थी. राहता इथे, पण करापुरत्या अजून इथल्या रहिवासी नाही. निवृत्तीची वर्गणी तुमच्या पगारातून कापायलाच नको होती. आणि कापली म्हणाल, तर तुमच्या नावाचं खातंच कुठे नाही."

ताई आणि तिचा धाकटा भाऊ दोन वर्षं सकाळी कॉलेज करून दुपारी दवाखान्यांच्या चादरी धुण्याच्या कारखान्यात राबत होते. तिथे या दोघांना धरून सात परदेशी पोरं होती. सातही जणांच्या पगारातून मुकादम दर महिन्याला दहावा हिस्सा कापायचा. "म्हातारपणाची सोय आहे, बाळांनो," म्हणायचा. विशीतल्या पोरांच्या म्हातारपणाची एवढी काळजी त्यांच्या आईबापांनीही केली नव्हती!

ताईने कारखान्यात असलेल्या भावाला फोन करून हे सांगितलं. "मी येईपर्यंत तोंड उघडू नकोस."

पण भावाच्या नाकावर राग. ती पोचली तेव्हा मुकादमाने त्याचं मनगट पिरगाळून तळवा इस्त्रीच्या यंत्राच्या तापलेल्या पत्र्यावर दाबून धरला होता.

"माग आता पैसे! माग!"

भाऊ गुरासारखा ओरडत होता. बाकीची पोरं जागच्या जागी थिजली होती. ताईने ओल्या चादरी ओढायचा लोखंडी दांडा उचलला आणि मुकादमाच्या कोपरावर हाणला. भावाचा हात सुटला, पण कातडी पत्र्यालाच राहिली.

मुकादमाने वळून ताईचे केस धरले, तिचं डोकं यंत्रावर आपटलं. कपाळावरचं रक्त डोळ्यांत ओघळलं. तिने आंधळ्यासारखा दांडा फिरवला; तो त्याच्या गुडघ्यावर बसला. मुकादम कोसळला. एक हात लुळा पडलेला, दुसरा तोंडापुढे धरून तो म्हणाला, "नको, बाई, नको."

तिने तिसरा फटका जबड्यावर घातला. दात फरशीवर उडाले.

"ताई, बस!" भाऊ किंचाळला.

पुढे सातही जणांनी पावत्या पोलिसांपुढे ठेवल्या. मुकादम तुरुंगात गेला. 'मला काहीच ठाऊक नव्हतं' म्हणणाऱ्या मालकाने मुकाट्याने सगळ्यांची कपात परत केली. भावाच्या उजव्या तळव्याला मांडीची कातडी लावली, तरी दोन बोटं आखडलीच.

मुकादमाचा जबडा फोडल्याबद्दल ताईवरही खटला भरला. वकिलाने तिला पढवलं होतं की तिन्ही फटके जीव वाचवायला मारले असंच सांगायचं. कोर्टात ती म्हणाली, "तिसऱ्या वेळी तो पडलेला होता. गयावया करत होता." वकिलाने कपाळाला हात लावला.

तिची शिक्षा स्थगित झाली, पण व्हिसा गेला. शेवटची परीक्षा राहिली ती राहिलीच.

निघायच्या दिवशी ती भावाच्या सदऱ्याची बटणं लावून देत होती. त्याला ती अजून जमत नव्हती.

"खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" तो चिडून म्हणाला. "मुकादमासाठी कोण रडणार होतं?"

ताईने गळ्याजवळचं बटण लावलं.

"तो फटका मारताना मला बरं वाटलं होतं रे," ती म्हणाली.

भावाने डाव्या हाताने तिची बॅग उचलली.