काळी बावीस तारीख

आमच्या छापखान्यात कॅलेंडरं छापली जातात आणि कॅलेंडर हाच आमचा कायदा आहे. मालकांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर मागे, आमचंच कॅलेंडर टांगलेलं असतं. तारीख तांबडी असली तर सुट्टी, काळी असली तर काम. "भिंतीला विचारा," असं मालक म्हणतात आणि विषय संपतो. मी इथे सव्वीस वर्षं प्रुफं तपासतोय. चुका काढणं हा माझा धंदा आहे आणि, बायकोच्या मते, स्वभावही.

तर सरकारने अचानक एक जादा सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. बावीस तारीख, गुरुवार. सुट्टी कशाबद्दल, ते दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नव्हतं. तारीख मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

सगळ्यात पक्की पाठ झाली ती बाइंडिंगच्या मावशींना. त्यांची एकुलती एक लेक पाच महिन्यांपूर्वी दूरच्या शहरात सरकारी ग्रंथालयात नोकरीला लागली होती. तिची सुट्टी सोमवारी, मावशींची रविवारी, आणि या पाच महिन्यांत जे दोन-तीन सण आले तेही नेमके रविवारीच पडले होते. मायलेकी फोनवरच एकमेकींना 'जेवलीस का' विचारायच्या. आता बावीसला ग्रंथालय बंद राहणार होतं. लेक सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होती. तिकिटाचा फोटो मावशींनी मला चारदा दाखवला.

मावशी केबिनमध्ये गेल्या तेव्हा मी तिथेच एका लग्नपत्रिकेच्या प्रुफावर मालकांची सही घेत उभा होतो.

"मालक, बावीसला सुट्टी ना?"

मालकांनी मानही न वळवता अंगठा मागे केला. "भिंतीला विचारा."

"अहो, पण हे गेल्या वर्षी छापलंय. सुट्टी परवा जाहीर झाली."

"मावशी, काळी आहे की तांबडी?"

"काळी."

"झालं तर मग."

हवं तर स्वतःच्या रजेतून घ्या, असंही ते मोठ्या मनाने म्हणाले. मावशींनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. मालकांनी तिथल्या तिथे नामंजूर केला, कारण बावीसला म्हणे काम फार होतं. सगळं गाव बंद असताना काम कसलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुपारी एका बँकेचा फोन आला. त्यांच्या सगळ्या शाखांत आमची कॅलेंडरं लागलेली. तारीख काळी दिसतेय, लोक येऊन बंद दारं ठोठावतील. तांबड्या बावीसचे चार हजार स्टिकर बुधवारपर्यंत पाठवा, घाई आहे. मालकांची कळी खुलली.

ते स्टिकर कापायला बसल्या मावशीच. दोन दिवस त्या शंभर-शंभरचे गठ्ठे बांधत होत्या. साऱ्या गावाची सुट्टी त्यांच्या हातून तयार होत होती आणि त्यांना स्वतःला त्या दिवशी कामावर यायचं होतं.

"काका," त्या मला म्हणाल्या, "तिला येऊ नको म्हणून कळवू का? उगाच घराच्या बंद दारासमोर बसून राहील."

मला संताप आला. मालकांचा आला आणि त्याहून जास्त माझा आला, कारण माझ्या खणात एक कागद होता आणि मी मूग गिळून बसलो होतो.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी आमच्या कॅलेंडरात एक साधा बुधवार तांबडा छापला गेला. भिंतीला विचारून सगळे घरी राहिले. मालक एकटेच आले आणि कुलूप बघून परत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोटीस काढली: 'छपाईतील चुकीमुळे गैरसमज झाला. यापुढे सुट्ट्या फक्त सरकारच्या घोषणेप्रमाणे.' खाली सही. पुढे सरकार आणि कॅलेंडर यांचं कधी भांडण झालं नाही, म्हणून नोटीस सगळे विसरले. मी विसरलो नव्हतो, कारण ती चूक माझ्या नजरेतून सुटली होती. मशीनवर रंग सरकला, असं तेव्हा मी ठोकून दिलं होतं. मशीन बिचारं काय बोलणार?

बुधवारी सकाळी मी कागद मालकांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला. मग उलटून पाहिला, मागे काही सुटका लिहिलीय का म्हणून.

"जुना आहे."

"सही तुमची आहे. रद्द केल्याची नोटीस निघाली असती, तर तिचं प्रूफ मीच वाचलं असतं."

मालकांनी पहिली ओळ पुन्हा वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "मशीनची चूक होती नाही का ती? मग आधी मशीनची चौकशी व्हायला हवी. चौकशी पूर्ण होईपर्यंत ही नोटीस स्थगित."

काचेपलीकडे मावशी शेवटचा गठ्ठा बांधत होत्या.

"चौकशीची गरज नाही," मी म्हटलं. "चूक माझी होती. मी खोटं बोललो."

मालक चक्क खूश दिसले; मशीनपेक्षा सोयीचा गुन्हेगार सापडला होता.

तासाभरात नवी नोटीस लागली. व्यवस्थापनाच्या औदार्यामुळे बावीस तारखेस सर्वांना सुट्टी; प्रुफं तपासणाऱ्यांनी मात्र त्या दिवशी हजर राहून पुढच्या वर्षीचं कॅलेंडर तपासावं, म्हणजे चुका होणार नाहीत. तिचंही प्रूफ मीच वाचलं.

गुरुवारी छापखान्यात मी आणि पहारेकरी. दुपारी दार वाजलं. डबा घेऊन मावशी आणि त्यांच्यासारखंच नाक असलेली एक मुलगी उभी होती.

"अहो, एवढासा दिवस मिळालाय, तो इथे कशाला घालवता?" मी करवादलो.

"तिलाच यायचं होतं," मावशी म्हणाल्या. "म्हणाली, ज्यांनी चूक कबूल केली ते काका दाखव."

मी पुढच्या वर्षीचं कॅलेंडर बाजूला सारलं. आम्ही तिघं माझ्या टेबलावर जेवलो. निघताना मावशींनी पिशवीतून एक तांबडा स्टिकर काढला, केबिनमध्ये गेल्या आणि मालकांच्या खुर्चीमागे बावीसवर दाबून बसवला.

तो वाकडा बसला.

"सरळ करू का?" लेकीने विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं.