शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरांनी उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात घालवला, आणि शिकवताना त्यांच्या तोंडी एकच शब्द असायचा, 'नाही'. नाही, आधी आरसा बघा. नाही, क्लच एकदम सोडू नका. नाही, तो सायकलवाला मध्ये येणार आहे, थांबा. शिकाऊ माणूस थांबला नाही, तर शेजारच्या सीटपाशी मास्तरांचा स्वतःचा एक ब्रेक होता. उजवा पाय त्यावर कायम टेकलेला असायचा. तो दाबला की गाडी जागच्या जागी उभी राहायची आणि शिकाऊ माणूस ओशाळून हसायचा. घरीही तेच. पडदे हिरवे घेऊ या? नाही. पाहुण्यांना आणखी दोन दिवस ठेवून घेऊ या? नाही. बायको म्हणायची, "लग्नाला तुम्ही हो कसं म्हणालात, याचंच मला अजून नवल वाटतं."

मग एका सकाळी दाढी करताना मास्तरांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि त्या सगळ्या पडझडीत एकच शब्द शाबूत राहिला. तो नेमका 'हो' निघाला.

डॉक्टर खूश झाले. "यांना सगळं कळतंय," ते म्हणाले. "फक्त हो किंवा नाही एवढंच उत्तर लागेल असे प्रश्न विचारत जा." बायकोने ते मनावर घेतलं. चहा घेता? हो. उशी वर करू? हो. डाव्या हातात पेन्सिल देऊन पाहिली, तर कागदावर नुसत्या रेघोट्या उमटल्या, म्हणून मग विचारणंच बरं पडायला लागलं. दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीचा फोन आला, बाबांना बघायला येते म्हणाली, तेव्हा बायकोने फोनवर हात ठेवून विचारलं, "नुकती कुठे कायम झालीय ती. इतक्यात येऊ नको म्हणून सांगू ना?" मास्तरांना म्हणायचं होतं, नाही, येऊ दे तिला, माझा जीव तिच्यात अडकलाय. तोंडातून आलं, "हो." मानसुद्धा डोलली, कारण मानही आता त्या शब्दाच्या चाकरीला लागली होती. मुलगी आली नाही.

मास्तरांची खाट बाहेरच्या खोलीत आणून ठेवली होती, टाकीसमोर. तेवढाच जीव रमेल, असा बायकोचा विचार. टाकी म्हणजे काचेची, खाऱ्या पाण्याची, आडवी, भिंतीला लागून, आणि तिच्यात मास्तरांनी हळूहळू वाढवलेली प्रवाळं. जांभळं, शेवाळी, एक केशरी. बघणाऱ्याला ती दगडावरची फुलं वाटत, पण ते जिवंत प्राणी होते आणि पाण्यातून चुना ओढून स्वतःची हाडं स्वतः बांधत होते. बायको त्या टाकीला सवत म्हणायची. एका परीने तिचं बरोबर होतं, कारण मास्तर हळू आवाजात बोलायचे ते फक्त त्या टाकीशी.

ही हाडं बांधायला दोन गोष्टी लागतात. एक कॅल्शियम, दुसरी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला खारेपणा नव्हे, तर सोड्यासारखा एक क्षार. दोन्हींच्या वेगळ्या बाटल्या मिळतात. मास्तर आधी काचेच्या नळीत पाणी घेऊन, त्यात थेंब टाकून, रंग बघून मोजायचे, आणि मगच एक बाटली सकाळी आणि दुसरी संध्याकाळी, थोडी थोडी घालायचे. दोन्ही एकदम कधीच नाही. एकमेकांना भेटल्या की त्या दोघी पाण्यातच खडू होऊन बसतात, आणि प्रवाळांच्या तोंडी काही लागत नाही. "आधी मोजायचं, मग घालायचं," हे मास्तरांनी बायकोला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की तिने ते ऐकणंच सोडून दिलं होतं.

मास्तर दवाखान्यात असताना टाकीत कोणी काही घातलं नव्हतं. परत आले तेव्हा केशरी प्रवाळाच्या कडा फिक्या पडल्या होत्या. मास्तर दिवसभर तिकडे बघत पडून राहायचे आणि ती फिकट कड रोज बोटभर आत सरकतेय असं त्यांना वाटायचं. एवढं एक प्रवाळ तरी वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं. बायकोलाही ते दिसत होतं. तिचा स्वभाव हात बांधून बसणाऱ्यातला नव्हता. तिने भावाला फोन केला.

मेहुणे बँकेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांना प्रत्येक गोष्ट सोपी वाटू लागली होती. मास्तर मनातल्या मनात त्यांना सल्लागार म्हणत. सल्लागार संध्याकाळी आले ते पिशवीभर बाटल्या घेऊनच. कॅल्शियम, अल्कलिनिटी, मॅग्नेशियम, आयोडीन, आणखी दोन-तीन जिन्नस. त्यांनी सगळ्या टीपॉयवर मांडल्या आणि चष्मा लावला.

"दुकानदार म्हणाला, सगळंच लागतं," ते म्हणाले.

"दुकानदार आणखी काय म्हणणार?" बायको म्हणाली. "यातलं काय घालायचं, तेवढं सांग."

"ताई, हे सोपं आहे. कॅल्शियम हवंच, हाडांसाठी. आणि ही अल्कलिनिटी, ही त्याच्या जोडीची. बाटलीवरच लिहिलंय, दोन्हींचा समतोल राखा म्हणून. म्हणजे दोन्ही सारखी घालायची. मधल्या दिवसांचा बॅकलॉग आहे, तेव्हा जरा सढळ हाताने घालू."

बॅकलॉग. टाकी म्हणजे काय बँकेची शाखा होती? मास्तरांनी डावा हात उचलून खिडकीकडे, मग घड्याळाकडे, मग पुन्हा खिडकीकडे दाखवला. एक आज घाला, एक उद्या घाला, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

"पंखा लावू?" बायकोने विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले. पंखा लागला.

"अहो, विचारून घेते," ती खाटेपाशी येऊन म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत एकेक बाटली होती. आयुष्यभर ज्या टाकीचा तिने राग राग केला, तिच्यासाठी ती आज अशी उभी होती, आणि तिचा चेहरा बघून मास्तरांना भडभडून आलं. "या दोन बाटल्या. दोन्ही आत्ताच घालू ना?"

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. 'न' हे अक्षर त्यांना डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं. जीभ टाळ्याला लावायची, एवढंच तर करायचं होतं. तिने वाट पाहिली. सल्लागारांनी चष्म्यावरून पाहिलं.

"हो," मास्तर म्हणाले, आणि मान डोलली.

"बघ, किती शहाण्यासारखं बोलतात आता," ती भावाला म्हणाली. "पूर्वी टाकीच्या मिठाच्या डबीलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत."

तिने झाकण भरून कॅल्शियम ओतलं. एक, दोन, तीन, चार. मग दुसऱ्या बाटलीचं बूच फिरवलं. मास्तरांनी उजवा पाय दाबला. सगळं बळ एकवटून, आयुष्यभर दाबला तसा दाबला. पाय चादरीवर जिथे होता तिथेच राहिला आणि तिने पहिलं झाकण ओतलं.

पाणी ओतल्या जागी पांढरं झालं. मग तो पांढरेपणा ढगासारखा पसरत गेला आणि जांभळं, शेवाळी, केशरी सगळं त्याच्या आड गेलं.

"लागू पडलं," सल्लागार म्हणाले.

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बायकोने पदराने ते पुसलं आणि म्हणाली, "बरं वाटलं ना?"

"हो."

सकाळपर्यंत पाणी निवळलं. दगडांवर, काचेवर आणि वाळूवर पांढरी पूड बसली होती. एकही प्रवाळ फुललेलं नव्हतं, सगळी मिटून बसली होती. केशरी प्रवाळाची अर्धी बाजू उघडी पडली होती, आतला सांगाडा दिसत होता. बायको बराच वेळ काचेला नाक लावून उभी राहिली. मग तिने टीपॉयवरच्या दोन्ही बाटल्या उचलल्या आणि खाटेकडे वळली.

"कमी पडलं वाटतं. आणखी घालू का?"

तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच मास्तरांनी डावा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. बोटं गालात रुतली. आतून शब्द आलाच, पण तळव्याखाली दबला.

ती थबकली. "उलटी होतेय?"

त्यांनी हात काढला नाही. डोळे तेवढे तिच्यावर रोखले. तिने बाटल्या खाली ठेवल्या, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग टाकीकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. आणि मग, इतक्या वर्षांत ऐकून न ऐकल्यासारखं केलेलं 'आधी मोजायचं' तिला आठवलं असावं, कारण ती खाटेच्या कडेला बसली, त्यांचा हात अलगद बाजूला केला आणि परीक्षा घेतल्यासारखं विचारलं:

"अहो, तुम्ही माझे थोरले भाऊ का?"

"हो," मास्तर म्हणाले.

"मी पुरुष आहे का?"

"हो."

ती हसली. खरंच हसली, अगदी खांदे हलेपर्यंत, आणि मास्तरांनाही हसू आलं, अर्ध्याच तोंडाने का होईना. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. तिची नजर पंख्याकडे गेली. उशीकडे गेली. टीपॉयवरच्या रिकाम्या कपाकडे गेली. ती मनातल्या मनात मागे मागे जात होती, एकेक 'हो' उचलून बघत होती, हे मास्तरांना कळत होतं. एका ठिकाणी ती थांबली आणि तिने तोंडाला पदर लावला.

"म्हणजे पोरीचंसुद्धा," ती म्हणाली.

ती उठली. सगळ्या बाटल्या पिशवीत भरून पिशवी दाराबाहेर ठेवून आली. टाकीचं आता काय करायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि मास्तरांना माहीत होतं. पाणी थोडं थोडं बदलायचं, पूड उपसायची, मोजायचं, थांबायचं. ते त्यांच्याजवळच राहणार होतं. केशरी प्रवाळ काही आता वाचणार नव्हतं.

तिने मुलीला फोन लावला. खाटेकडे पाठ करून, खिडकीपाशी उभी राहून ती बोलत होती.

"तू ये. रजा मिळाली नाही तरी ये. नाही गं, बरे आहेत. तू ये बस. त्यांना तू हवी आहेस."

"हो," मास्तर म्हणाले. मोठ्याने म्हणाले. महिन्याभरात पहिल्यांदाच तो शब्द त्यांना जे म्हणायचं होतं तेच म्हणत होता.

फोनमध्ये मुलीने काहीतरी विचारलं असावं.

"कोण, बाबा?" बायको म्हणाली. ती वळली नाही. "काही नाही गं, ते आपलं असंच म्हणतात."