फिरता पाळणा

"काका, एक विनंती होती," विभावरी म्हणाली. "तुमची स्कूटर फाटकासमोरून जरा पुढे लावता येईल का? तिकडे पार्काजवळ?"

रघूचं डोकं तेव्हा तिच्या ओट्याखालच्या कपाटात होतं. बिजागरीच्या फटीत टॉर्च मारून तो झुरळांचा ठावठिकाणा शोधत होता. तो तसाच आतून म्हणाला, "पार्काजवळच लावलीय ताई. परवागिल्ला, काही हरकत नाही, मला ठाऊक हाय की."

स्कूटरच्या पेटीवर कंपनीच्या नावाखाली पाय वर करून पडलेलं एक लठ्ठ झुरळ रंगवलेलं होतं. ते झुरळ आपल्या दारासमोर अख्ख्या विजयनगर वस्तीत कुणालाही नको असे. पावसाळ्यात म्हैसूरच्या भिंतींना ओल धरते, कपाटातले कपडे वास मारायला लागतात, आणि मग बंगला असो की दोन खोल्या, मुंग्या, वाळवी, झुरळं, ढेकूण सगळ्यांकडे सारखेच येतात. पण ते शेजाऱ्यांकडून आले, असं प्रत्येक घर रघूला सांगे. शेजारीही तेच सांगत, कारण त्यांच्याकडेही रघूच जायचा. औषधाची पारख आणि बंद तोंड, या दोन गोष्टींवर त्याचं पोट चाललं होतं, आणि त्यातही तोंडावर जास्त.

"तुम्ही इथले मराठी का?" विभावरी पुण्याहून आलेली. रघूचं बोलणं ऐकून तिला गंमत वाटत होती.

"आमचे पणजे-खापरपणजे राजाच्या फौजेत होते म्हणे. घोड्यावरनं आले." कपाटातून डोकं बाहेर काढत तो हसला. "आमी स्कूटरवरनं फिरतो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हातमोज्यांना औषध लागलेलं, म्हणून विभावरीनेच तो उचलून त्याच्या कानापाशी धरला. त्याच्या आईला, भागीरथीबाईंना, फोनवर हळू बोलणं जमत नसे, त्यामुळे तो कानापाशी धरायची तशी गरज नव्हती.

"रघू, बेगा ये, लौकर. तोट्टिल आला. गोदावरी सोता घेऊन आली बेळगोळहून."

"आलोच, अव्वा."

"तोट्टिल म्हणजे?" विभावरीने विचारलं.

"पाळणा, ताई. उद्या नातीचं बारसं हाय," रघू म्हणाला, आणि त्याचा चेहरा एवढा फुलला की विभावरीने त्याला जाताना डबाभर शंकरपाळे दिले.

हा पाळणा म्हणजे त्यांच्या नात्यागोत्यातला फिरता पाळणा होता. सागवानी, लाल-हिरव्या रंगाचा, कोपऱ्यांवर लाकडी पोपट बसवलेला. तो कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. ज्या घरात मूल झालं त्या घरी तो जायचा आणि पुढच्या घरी मूल होईपर्यंत तिथेच राहायचा. मेटगळ्ळीतल्या, बेळगोळच्या, कुठल्या कुठल्या घरांतली पोरं त्यात झोपून मोठी झाली होती. रघू स्वतः त्यात झोपला होता, त्याची मुलगी विद्याश्रीही, आणि आता विद्याश्रीची मुलगी झोपायची होती. पाळण्याला हळदीचं बोट लावायचं आणि धूप दाखवायचा, एवढंच. पाणी मात्र लावायचं नाही. धुतला तर आधीच्या लेकरांचं भाग्य धुऊन जातं, असं थोरल्या बायका सांगत. धुवायचा नाही म्हटल्यावर औषध मारायचा तर प्रश्नच नव्हता.

मेटगळ्ळीत आपल्या गल्लीत त्याने स्कूटर लावली तेव्हा दाराबाहेरच्या कट्ट्यावर कापडी पिशव्या आणि एक बॅग ठेवलेली दिसली. वरून भुरभुर चालू होती. बॅगेवर कुणीतरी प्लास्टिकचा कागद टाकला होता. ती कुणाची हे त्याला विचारावं लागलं नाही. गोदावरीबाईंची सून अनुषा हुणसूरला माहेरी जाऊन आली की तिची बॅग कुठल्याही घरी बाहेरच राहते, हे त्याला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी अनुषाला मुलगा झाला आणि पाठोपाठ घरात ढेकूण झाले, तेव्हा गोदावरीबाईंनी रघूला मागच्या दाराने आत घेतलं होतं. "सुनेनं ट्रंकेतून आणले बघ माहेरचे," असं त्यांनी त्याला सांगितलं, ते अनुषा दारातच उभी असताना. तेव्हापासून माहेरच्या बॅगेतला एकेक कपडा ती अंगणात झटकते, उन्हात घालते आणि मगच आत नेते. रघूने तेव्हा खाटा फवारल्या, गाद्या फवारल्या, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

आत सगळे कॉफी पीत बसले होते. गोदावरीबाई खुर्चीत, भागीरथीबाई त्यांच्यासमोर, अनुषा खाली सतरंजीवर, शेजारी तिचा झोपलेला मुलगा. रघूची बायको सुमा पाळण्याच्या साखळीला झेंडूची माळ बांधत होती. विद्याश्री बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती.

"बघ रे, कसा ठेवलाय," गोदावरीबाई म्हणाल्या. त्या रघूच्या लांबच्या आत्या. "एक ओरखडा नाही. जसा आला तसा दिला."

"हौदु, खरंय गोदाअत्ते, चंद, देखणा हाय," रघू म्हणाला आणि पाळण्यापाशी उकिडवा बसला. बसल्यावर त्याचा हात आपोआप जिथे जायचा तिथे गेला. जुनं लाकूड दिसलं की बोटांनी सांधे चाचपायचे, ही त्याची सवय. सासुरवाडीच्या पहिल्या दिवाळसणातही त्याने पाटाखाली हात घालून पाहिला असता, फक्त तेव्हा तो या धंद्यात नव्हता. खिशातलं एक जुनं व्हिजिटिंग कार्ड काढून त्याने पोपटाच्या बुडाशी फटीत सरकवलं.

कार्डाबरोबर काळी पूड बाहेर आली. त्यामागून एक ढेकूण आला, आणि मग दुसरा.

त्या एका क्षणात त्याला एकामागून एक घरं आठवली. बेळगोळचं आठवलं, त्याआधीचं मंडीजवळचं, त्याआधीचं याच गल्लीच्या टोकाचं. प्रत्येक घराने त्याला गुपचूप बोलावलं होतं, प्रत्येकाने कुणाच्या तरी माथी मारलं होतं. कुणी भाडेकरूच्या, कुणी कामवालीच्या, कुणी सुनेच्या. आणि त्या प्रत्येक घरात लहान मूल होतं, मधोमध हा पाळणा टांगलेला होता, आणि रघूने तेवढा पाळणा सोडून बाकी सगळीकडे औषध मारलं होतं.

त्याने कार्ड पटकन मुठीत लपवलं असतं. पण भागीरथीबाई तोवर वाकून बघत होत्या.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "तिगणे."

सुमाच्या हातातली माळ तशीच राहिली. विद्याश्रीने बाळाला छातीशी ओढलं आणि पाय पोटाशी घेतले. गोदावरीबाईंनी कॉफीचा पेला खाली ठेवला, आणि मान वळवून सुनेकडे बघितलं. नुसतं बघितलं. अनुषा सतरंजीच्या काठाशी बोटं नेऊन एक सुटलेला धागा ओढत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"मी म्हटलं होतं ना," गोदावरीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्या ट्रंकेतनं–"

"ट्रंकेतनं नाही, अत्ते," रघू म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. खरं काय ते सांगावं, तर ज्या घरांनी विश्वासाने मागचं दार उघडलं ती सगळी घरं या खोलीत आणून उभी करावी लागली असती. उद्या बारशाला त्यातल्या निम्म्या बायका येणार होत्या. गप्प बसावं, तर अनुषा खाली मान घालून समोर बसली होती. आणि दोन्हींच्या पलीकडे विद्याश्रीच्या कुशीत ती नाव नसलेली चिमुरडी होती, तिला उद्या याच पाळण्यात घालायचं होतं.

"हे माझ्याच घरचे हायेत," तो म्हणाला.

"काय म्हणतोस?" भागीरथीबाई म्हणाल्या.

"विद्या झाली तेव्हा पाळणा आपल्याकडं होता, नव्हे? मी कामाची पिशवी आणून इथंच ठेवायचो, पाळण्याखाली. लोकांच्या घरचे तिगणे पिशवीला चिकटून येत्यात, अत्ते. ते लाकडात शिरले. तिथनं पाळणा जिकडं गेला तिकडं गेले. तुमच्याकडं पण तसेच आले. सुनेच्या ट्रंकेचा काही संबंध नाही." तो थांबला, मग आणखी म्हणाला, "चूक माझी. मापी करा."

सुमाने तोंड उघडलं आणि मिटलं. भागीरथीबाईंनी मुलाच्या हाताकडे पाहिलं. त्यांचा मुलगा लहानपणी खोटं बोलायचा तेव्हा त्याचा डावा अंगठा बोटांच्या आत जायचा. आत्ताही गेला होता.

"मुठ्ठाळ," त्या एकदम कडाडल्या. "मूर्खा. सगळ्या गावचे तिगणे मारतोस आणि घरात आणून पाळतोस? आता बसलायस काय, ऊठ. बंब पेटव. सुमा, मोठी पातेली काढ."

"धुवायचा?" गोदावरीबाई दचकल्या. "पाणी लावायचं नसतं, भागीरथी."

"नसतं तर नसतं. लेकराला चावले तर काय भाग्य घेऊन बसायचं? तुज्या नातवाला कमी चावले?"

गोदावरीबाई उठल्या, पदर खोचला, आणि पाळण्याच्या एका बाजूला हात घालून म्हणाल्या, "धर गं अनुषा. एकटीला उचलायचा नाही हा."

पुढचे दोन तास त्या घरात बारशाच्या तयारीपेक्षा जास्त गडबड झाली. रघूने खिळे सैल करून पाळणा सुटा केला. न्हाणीत पाटावर एकेक भाग ठेवून त्यावर उकळतं पाणी ओतलं, पोपटांवर ओतलं, सांध्यांत ओतलं. सुमा पातेली भरभरून आणत होती. अनुषा जुन्या टूथब्रशने खाचा घासत होती. तिने कोपरापर्यंत बाह्या वर केल्या होत्या आणि इतक्या जोराने घासत होती की भागीरथीबाईंना तिला सांगावं लागलं, "हळू की गं, पोपटाची चोच जाईल." त्यावर ती हसली. रघूने तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं. मोरीतून लाल-हिरवं पाणी वाहत गेलं. खालून फिकट सोनेरी लाकूड निघालं, आणि सगळ्या जणी क्षणभर थांबून ते बघत राहिल्या. इतकं चांगलं लाकूड आत असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

मग पंख्याखाली वाळवण, धूप, पुन्हा खिळे. शेवटी रघूने तेच कार्ड प्रत्येक फटीतून फिरवलं. कार्ड कोरडं आणि स्वच्छ बाहेर आलं. त्याने पुन्हा एकदा फिरवलं, आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि त्याला कुणासमोर तरी हसावंसं वाटत होतं. सुमा पदराला हात पुसत शेजारी येऊन बसली.

"विद्या झाली तेव्हा तुमी फॅक्टरीत होता," ती कुजबुजली. "फॅक्टरी बंद झाल्यावर हे काम धरलं. तेव्हा ती शाळेत जात होती की."

"सुम्ने गप र्‍हा," रघू म्हणाला.

तिने उठून त्याला विभावरीचे शंकरपाळे आणि कॉफी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी बारशाला रघूची पुरती शोभा झाली. बातमी गल्लीभर आधीच पोचली होती. बायका आत येता येता त्याला विचारत होत्या, "रघुअण्णा, आज पिशवी कुठं ठेवलीय?" तो दारात उभा राहून सगळ्यांना गुलाबपाणी शिंपडत होता आणि हसत होता. ज्यांच्या घरी त्याने गुपचूप औषध मारलं होतं, त्या सगळ्यांत जास्त मोठ्याने हसत होत्या. हसता हसता त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झाल्यासारखं रघूला वाटलं. गल्लीच्या टोकाच्या घरातल्या म्हातारीने तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पाळणा बिनरंगाचाच टांगला होता. झेंडूच्या माळेखाली तो नवा वाटत होता. मुलीचं नाव ईश्वरी ठेवलं. बाळाच्या आत्याने तिच्या कानात नाव सांगितलं तेव्हा तिने जांभई दिली आणि झोपून गेली.

गोदावरीबाई निघायच्या आधी रघूच्या हातात नारळ द्यायला आल्या. नारळ देताना त्यांनी त्याचा हात सोडला नाही.

"विद्याश्री झाली तेव्हा तू फॅक्टरीत होतास ना रे?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "तिथल्या पंपाकडं. तेल लागलेल्या शर्टानंच पेढे द्यायला आला होतास बेळगोळला."

रघूने नारळाकडे बघितलं.

"वय झालं," गोदावरीबाई म्हणाल्या. "काही ध्यानात राहत नाही मला."

मग त्या दाराकडे वळल्या. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. नातवाला कडेवर घेऊन अनुषा कट्ट्यावर रिक्षाची वाट बघत उभी होती, आणि कालची तिची हुणसूरची बॅग अजूनही तिथेच होती, प्लास्टिकच्या कागदाखाली.

"अनुषा," त्यांनी हाक मारली. "बाहेर काय उभी राहतेस? बॅग आत आण ती. भिजेल."

अनुषाने एकदा सासूकडे आणि एकदा रघूकडे बघितलं. मग तिने बॅग उचलली आणि आत आणली. कुठे ठेवावी हे तिला कळेना, तेव्हा गोदावरीबाईंनीच तिच्या हातातून ती घेतली आणि पाळण्याखाली ठेवली. पाळणा हलत होता. रिक्षा येईपर्यंत ती बॅग तिथेच राहिली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिला पाय न लावता वळसा घालून जात राहिल्या.