किटुईच्या कचेरीतली जांभळी डबी

मित्रांनो, मी किटुई गावातल्या एका कचेरीतला जुना स्टँपपॅड आहे. पत्र्याची डबी आणि आत जांभळ्या शाईत भिजलेली गादी, एवढाच माझा संसार. माझा जन्म नैरोबीतला. न्डुंगेबाईंनी मला इथे आणलं. त्या गावोगावी बोअर पाडून देतात. करार झाला की गिऱ्हाईक आधी माझ्यावर अंगठा टेकवायचं, मग कागदावर.

वीस वर्षं मी हे काम केलं. टोपल्यांसाठी घायपाताचे दोर वळून वळून इथल्या बायकांचे अंगठे गुळगुळीत झालेले. कागदावर रेषा उमटायच्याच नाहीत, नुसता जांभळा ठिपका पडायचा. तरी जाताना बाया मला थोपटून म्हणायच्या, "या डबीच्या शाईने पाणी येतं." ते ऐकून मी फुगून जायचो. तेवढी माया किती डब्यांच्या नशिबी असते?

पण एका अंगठ्यासाठी लांबून यायचं, म्हणजे लोकांचे दोन दिवस मोडायचे. म्हणून न्डुंगेबाईंनी करार यंत्रावर घ्यायचं ठरवलं. कारकून क्यालोने गावोगावी नेता येईल असं, अंगठा ओळखणारं यंत्र आणलं आणि माझं झाकण लावून टाकलं. पहिल्याच दिवशी इयानी गावाच्या स्योम्बुआआजी आल्या. त्या टोपल्या विणणाऱ्या बायकांच्या गटाच्या प्रमुख. त्यांनी नऊ वेळा अंगठा ठेवला. नऊही वेळा यंत्राचा लाल दिवा लागला.

"नीट दाबा ना, आजी," क्यालो म्हणाला.

"दाबतेच आहे. झिजलाय तो. घरी जाऊन तुझ्या आईचा बघ."

"मग ईमेलवर पाठवू करार?"

"माझ्याकडे बकऱ्या आहेत रे बाबा, ईमेल नाही."

न्डुंगेबाई हसल्या आणि त्यांनी तिसरी रीत निवडली. साध्या फोनवर गिऱ्हाइकाला त्याच्याच भाषेत सगळा करार वाचून दाखवायचा. पटला, तर त्याने स्वतःच ठरवलेला गुप्त आकडा दाबायचा. झाली सही.

"हा आकडा मी नवऱ्यालासुद्धा सांगणार नाही," आजी म्हणाल्या.

"मलाही सांगू नका," न्डुंगेबाई म्हणाल्या.

बोअरची गाडी तेव्हा जवळच आली होती. दुसऱ्या दिवशी एक बोअर पाडून ती समुद्राकडे जाणार होती आणि दोन वर्षं परतणार नव्हती. तो बोअर आजींच्या गावाचा. संध्याकाळी क्यालोने आजींना फोन लावला आणि करार वाचायला घेतला. मी झाकणाखाली हिरमुसून पडलो होतो.

"बोअरची जागा, कावीसीच्या शाळेजवळ," क्यालोने वाचलं.

"थांब. कावीसी नदीपलीकडे. आमचं गाव इयानी."

क्यालोचा चेहरा पडला. त्याने मागच्या गटाचा कागद समोर ठेवून हा लिहिला होता आणि जागा बदलायची राहिली होती.

"चुकलं, आजी."

"मी आकडा दाबला असता तर?"

"तर उद्या गाडी कावीसीला गेली असती," न्डुंगेबाई म्हणाल्या. त्यांनी तिथल्या तिथे जागा बदलायला लावली आणि करार पहिल्यापासून पुन्हा वाचून घेतला. मग आजींनी आकडा दाबला.

माझा हिरमोड कुठल्या कुठे गेला, मित्रांनो, आणि मला लाज वाटली. वीस वर्षांत किती भाबडे अंगठे माझ्यावर टेकले, आणि त्यांना कागद कुणी वाचून दाखवला नव्हता. लोकांना परतीची गाडी गाठायची असायची, क्यालोला जेवायला जायचं असायचं. मीही शाई देऊन मोकळा व्हायचो.

म्हणून विनवतो, सही शाईने करा नाहीतर आकड्याने, आधी सगळा कागद वाचा. ज्याला वाचता येत नाही, त्याला तुम्ही वाचून दाखवा, शेवटच्या ओळीपर्यंत.

इयानीच्या बायका आता गावातच पाणी भरतात. त्यांच्या करारावर माझा ठिपका नाही; असता, तर कागद न वाचताच गाडी कावीसीला गेली असती. त्याबद्दल मी न्डुंगेबाईंचा जन्मभर ऋणी आहे.