सदऱ्यात राहिलेली टाचणी

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि पाठीवर खडूची पूड बसली आहे, कारण माझे मालक शिंपी आहेत. शिवलेला कपडा देण्याआधी ते त्यावरून लोहचुंबक फिरवतात. राहिलेली टाचणी चिकटून वर येते.

मी नवा होतो तेव्हा मालक मला फडक्याने पुसत. पुढे त्यांना सुईचं नाकं दिसेना. त्यांनी मला बनवणाऱ्या कंपनीच्या ॲपच्या दुकानातून भिंगाचं ॲप घेतलं. त्यावर 'तपासलेले' असा शिक्का होता. सुई झटक्यात ओवली गेली.

"डोळे परत आले बघ," मालक म्हणाले.

"आता अक्कलही येऊ दे," मालकीणबाई म्हणाल्या.

मग ते ॲप नको तेव्हा जाहिराती दाखवू लागलं. एका दुपारी काजं करता करता मालकीणबाईंना दम लागला. मालकांनी मला उचललं. डॉक्टरांचा नंबर समोर आला आणि त्यावर जाहिरात पसरली. ती बंद करायची फुली तिळाएवढी. बोट लागलं की दुसरीच जाहिरात उघडे. माझी बॅटरी भरलेली होती, रेंज होती, पण कुणीतरी माझं तोंड दाबून धरलं होतं. मालकीणबाईंचे ओठ निळे पडत चालले. मालकांनी मला फेकलं आणि कापड मोजायच्या लाकडी गजाने भिंत बडवली.

"काय ओ काका, भिंत पाडता का?" म्हणत शेजारचा टॅक्सीवाला आला. मालकीणबाईंना पाहताच त्याने त्यांना उचललं आणि थेट दवाखाना गाठला. त्या वाचल्या.

फोन दुरुस्त करणाऱ्या मुलीने ते ॲप काढलं. "काका, याची तक्रार मी आधीच केली होती. 'आभारी आहोत' एवढंच उत्तर आलं. अजून दुकानात आहे ते. कंपनी म्हणते, ॲप दुसऱ्यानं बनवलंय."

"टाचणी तरी मी कुठं बनवतो?" मालक म्हणाले. "पण मानेला टोचली की गिऱ्हाईक माझ्याच दारात येतं."

आता मालकीणबाई रोज माझ्यावरूनही लोहचुंबक फिरवतात. "याच्यात काही राहिलं असेल तर," म्हणतात आणि हसतात. मालक हसत नाहीत.

मित्रांनो, माझ्यातली टाचणी लोहचुंबकाला सापडत नाही. ॲप घेताना जाणत्या माणसाला विचारा. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी असं दुकान चालवलं, तर शिक्का मारण्याआधी माल नीट चाचपून बघा. मी तो शिक्का पाहिला आणि त्या ॲपला दार उघडलं. मला दुसरं काय येत होतं?