एकच बॅग

"पातेलं काढ गो. ट्रकमधी पातेलं कशाला?"

"मग भात कशात शिजवशील? टोपीत?"

तुळशीदासने कपाळावर हात मारला. पलंगावरच्या निळ्या बॅगेचं तोंड काही केल्या मिटत नव्हतं, आणि मिटणार तरी कसं! कमळने तिच्यात अख्खा संसार कोंबला होता. तांदूळ, जाडं मीठ, घरचा मसाला, चिंचेचा गोळा, लसणाच्या माळा, वर दिमाखात बसलेलं पातेलं, आणि या सगळ्याखाली, श्वास कोंडल्यासारखे, तुळशीदासचे दोन शर्ट.

सामान बांधण्यात कमळचा हात धरणारी बाई मढच्या अख्ख्या कोळीवाड्यात नव्हती. लग्न झाल्यापासून ती हेच करत आली होती. नवरा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. तो दर्यावर निघाला की हिने खलाशांसकट सगळ्यांचा शिधा बांधायचा, आणि बोट लागली की धक्क्यावर पाटी घेऊन हजर. त्याने आणायचं, हिने विकायचं. एकाच दोरीची दोन टोकं! पण दर्यात मासळी उरली नाही, गेल्या शिमग्यानंतर बोट विकली, आणि तुळशीदासने केस पिकायला लागल्यावर अंधेरीच्या आरटीओत जाऊन जड वाहनाचं लायसन काढलं. आज त्याची शिकाऊ ड्रायव्हर म्हणून पहिली फेरी होती. मुलुंडच्या डेपोतून थेट नागपूर, शेजारी शिकवणारा बसलेला.

या दोरीचं दुसरं टोक कुठे आहे, हे कमळला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून ती बांधत सुटली होती.

"सम्यक सर बोलले, एकच बॅग," तुळशीदास म्हणाला. "केबिनमधी स्टोव्ह चालत नाय. जेवण ढाब्यावर."

"सर! काल जन्मलेलं पोर ते, आणि तू त्याला सर बोलतंस?"

"शिकवतो तो सर. मी खलाशांना शिकवायचो, तेव्हा वयाने मोठे पन मना तांडेलच बोलायचे ना?"

तेवढ्यात समोरच्या घरातून कल्पिता आली, कमळची धाकटी जाऊ. कल्पिता म्हणजे तोंडाचा पट्टा. बॅग बघून ती दारातच थबकली.

"अगं बाय! वयनी, भावजी ट्रक शिकायला चाललेत की नांदायला?"

"तू गप गो!"

"गप कशी? पण काय गो, एवढा मसाला, एवढी चिंच, आणि मासळी कुठंय?"

कमळ खळखळून हसली. "येडी काय तू? जाणाऱ्याला मासळी कोण बांधून देतं? ती तर तिकडेच..."

आणि ती थांबली.

इतक्या वर्षांत तिने जाणाऱ्याच्या सामानात एकदाही मासळी ठेवली नव्हती. कोण ठेवेल? दर्यावर निघालेल्याला मासळी बांधून देणं म्हणजे विहिरीला पाणी पाजणं!

"नागपूरला दर्या नाय गो," तुळशीदास हळूच म्हणाला.



पण कमळ हार मानणारी नव्हती. दोरीचं टोक सापडलं होतं ना! तिने डब्यातला सुका जवळा काढला, निवडला, तव्यावर खरपूस भाजला. वर लसूण, मिरची, खोबरं. चटणीचा घमघमाट शेजारच्या तीन घरांत पोचला. भराभर तिने बॅगेतलं पातेलं काढलं, तांदूळ काढले, मसाला काढला, सगळं काढलं आणि शर्टांच्या मधोमध चटणीची बरणी ठेवली.

"बघ, ढाब्याच्या कोरड्या रोटीबरोबर मस्त लागंल."

तुळशीदास मोबाइलमध्ये रस्ता बघत होता. मान वर न करता तो बोलून गेला, "नको गो. एसी केबिन हाय. काचा बंद असतात. वास मारंल."

कमळचा हात बॅगेतच राहिला.

'वास' हा शब्द तिला काही नवा नव्हता. पाटी घेऊन मालाडच्या बसमध्ये चढलं की नाकाला रुमाल लावणारे रोज भेटायचे, आणि त्यांना कमळ अशी खणखणीत सुनवायची की कंडक्टरही हसायचा. "नाक घरी ठेवून यायचं होतंस!" प्रत्येकासाठी तिच्याकडे उत्तर तयार असायचं. घरातल्या माणसाला मात्र असं सुनवायची वेळ कधी आलीच नव्हती ना.

तुळशीदासच्या लक्षात आलं. तो झटकन उठला. "तसं नाय गो! दे, दोन पिशव्या लावतो. रबर कुठंय?"

"राहू दे."

"अगं, पण..."

"नवी जागा हाय. पयल्याच दिवशी तुना कोणी बोलायला नको." तिने बरणी काढून फळीवर ठेवली. बॅगेची चेन एका झटक्यात लागली.

वर्सोव्याला जायची फेरीबोट लागली होती. धक्क्यावर लिलाव आटपत आला होता, आणि बायका दुसऱ्यांच्या बोटींवरची मासळी पाट्यांत भरत होत्या. तुळशीदासने तिकीट काढलं. याच पाण्यावर त्याने तिकीट काढलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. बायकांनी पाहिलं आणि पटकन आपापल्या पाट्यांत नजर घातली.

"येताना काय आणू?" त्याने विचारलं.

कमळ गोंधळली. असं त्याने कधी विचारलं नव्हतं. काय आणायचं ते दर्या ठरवायचा.

"संत्री आणू?"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट, खांद्यावर हलकीफुलकी बॅग. कोळीवाड्यात, दर्यावर निघालेल्या माणसाला एक शब्द कुणी म्हणजे कुणीच बोलत नाही. चुकून तोंडातून गेला तर बोट मासळीविना परतेल म्हणून म्हाताऱ्या थू थू करतात.

"काय नको," कमळ म्हणाली. "रिकामा ये."

"वयनी!" सोबत आलेल्या कल्पिताने तिचा दंड धरला. आजूबाजूच्या बायकांनी चमकून वर पाहिलं.

तुळशीदास मात्र दचकला नाही. त्याने मान हलवली, जरा जास्तच वेळ हलवली, आणि बोटीत चढला.

बोट सुटली. मधल्या बाकावर, कॉलेजच्या पोरांमध्ये, तो बॅग मांडीवर घेऊन बसला होता. खाडीच्या तोंडाशी लाट आडवी आली, बोट कलली, आणि तुळशीदास ताडकन उठून उभा राहिला. पाय फाकलेले, उजवा हात मागे, सुकाण शोधणारा.

तिकीटवाल्याने लांबूनच त्याला हाताने खूण केली, खाली बसा.

कमळ धक्क्यावरून बघत होती. तो बसला.